सातारा (शहर)

सातारा : महाराष्ट्रातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व नगरपालिकेचे शहर. पुण्याच्या दक्षिणेस सुमारे ११० किमी. व कोल्हापूरच्या उत्तरेस सुमारे १२० किमी. अंतरावर, अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी ते वसले आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ७०० मी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १.२० लाख होती. २०२० साली हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर यांसारखी उपनगरे शहरात आली, तरी आकाराने हे गाव लहानच. मराठ्यांची राजधानी, रयत शिक्षण संस्थेचे केंद्र आणि कंदी पेढ्यांची बाजारपेठ ही त्याची जुनी ओळख आहे. २०१२ पासून तिच्यात आणखी एक भर पडली आहे. दरवर्षी सप्टेंबर महिन्यात येथे भरणाऱ्या डोंगरी अर्धमॅरेथॉनसाठी देशभरातून हजारो धावपटू येतात. तिला इंग्रजी नाव मोठे असले, तरी सातारकर तिला नुसते ‘हिल मॅरेथॉन’ म्हणतात.

या स्पर्धेचे कारण गावाच्या भूगोलात आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे फुटलेल्या डोंगरसोंडांनी साताऱ्याला तीन बाजूंनी वेढले आहे. अजिंक्यतारा, सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, नकदीचा डोंगर, कित्लीचा डोंगर आणि पेढ्याचा भैरोबा असे सात डोंगर परंपरेने मोजले जातात. दक्षिणेला अगदी अंगावर आल्यासारखा अजिंक्यतारा उभा आहे आणि पश्चिमेला त्याहून उंच यवतेश्वर. पूर्वेकडे मात्र जमीन उतरत जाते. शहरापासून सुमारे पाच किमी.वर क्षेत्र माहुली व संगम माहुली येथे कृष्णा आणि वेण्णा या नद्या मिळतात. गाव या उतारावर पसरले असल्यामुळे त्याची रचना पूर्व-पश्चिम लांबट आहे. पोवई नाका खाली, राजवाडा वर आणि समर्थ मंदिर त्याहून वर. पोवई नाका व राजवाडा यांना जोडणारे दोन प्रमुख रस्ते लोकांच्या बोलण्यात ‘वरचा रस्ता’ आणि ‘खालचा रस्ता’ आहेत. फलकांवरची राजपथ व कर्मवीर पथ ही नावे नवख्यांच्या सोयीची. साताऱ्यात सायकल जाताना एका पायावर आणि येताना ब्रेकवर चालते, असे जुने लोक सांगत. त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

वरच्या रस्त्याने सरळ पश्चिमेला निघालेला माणूस समर्थ मंदिराच्या पुढे गावाबाहेर पडतो तो थेट घाटात. मध्ये माळ नाही, उपनगर नाही. येथून एक वाट बोगद्यातून सज्जनगड व ठोसेघरकडे जाते आणि दुसरी यवतेश्वर घाट चढून कासच्या पठाराला लागते. पठाराची उंची सुमारे १,२०० मी. आहे. शहराच्या मुख्य बाजारपेठेतून पायीच निघून, वाहनात पाय न ठेवता सह्याद्रीच्या माथ्यावर जाता येते, अशी जिल्ह्याची ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत.

हवामान सुखद आहे. पावसाचे मान शहरात वर्षाला सुमारे १,००० मिमी. असले, तरी पश्चिमेला काही किलोमीटरमध्ये ते कित्येक पटींनी वाढते आणि पूर्वेला माण व खटाव तालुक्यांत निम्म्यावर येते. महाबळेश्वरला सुमारे ६,००० मिमी. पाऊस आणि माणमधील दहिवडीला पाण्याचे टँकर हा एकाच जिल्ह्यातील विरोध येथील राजकारणाचा कायमचा विषय आहे. हिवाळा कोरडा व थंड असतो, पण बर्फ पडत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे दवबिंदू गोठतात, गवतावर आणि मोटारींच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘हिमकण’ असा मथळा येतो. सूर्य वर आला की ते संपते. जिल्ह्यातील हिवाळ्याची मजल इतकीच. घसरगाडी आणि स्कीइंग यांचा येथे प्रश्नच नाही. साताऱ्याच्या वाट्याला डोंगर आला, पाऊस आला आणि धुके आले. त्यांच्याच आधाराने येथील स्पर्धा उभी राहिली.

अजिंक्यतारा शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, असे मानले जाते. पुढे तो बहमनी व आदिलशाही अमलाखाली गेला. विजापूरच्या दरबारी कारस्थानांत चांदबिबीला १५८० च्या सुमारास येथेच कैदेत ठेवले होते. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये त्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो साडेचार महिने झुंजवला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी पेरलेला सुरुंग उडाला आणि तटाची भिंत बाहेरच्या बाजूला, म्हणजे हल्ला करण्यासाठी जमलेल्या मोगल सैन्यावरच कोसळली. त्यात त्यांची शेकडो माणसे गाडली गेली. राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर निवर्तले होते, रसद संपत आली होती. अखेर किल्ला खाली करण्यात आला. औरंगजेबाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. पण काही वर्षांतच तो पुन्हा मराठ्यांकडे आला.

शहर या किल्ल्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि राजधानी डोंगरावरून पायथ्याशी उतरली. शाहूनगर ही वसाहत त्यांनी वसवली. पेठा आखल्या, तळी खोदली, यवतेश्वरच्या कुशीतल्या महादऱ्यातून पाणी आणले. उंचावरचे पाणी उताराने गावात आपोआप पोचते, ही सोय तेव्हापासून आजतागायत साताऱ्याला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या कास तलावाचे पाणीही असेच गुरुत्वाकर्षणाने खाली येते. ते पंपाने वर चढवावे लागत नाही. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले. सत्तेचे केंद्र त्याआधीच पुण्याकडे सरकले होते. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंनी नवे छत्रपती रामराजा यांना किल्ल्यावर अडकवून ते परत खेचण्याचा प्रयत्न केला, परंतु तो टिकला नाही. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात, अशी स्थिती १८१८ पर्यंत राहिली.

त्यानंतरच्या वीस वर्षांत छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी या गावाला आजचे रूप दिले. नवा राजवाडा, ग्रंथालय, पाठशाळा आणि रस्ते ही त्यांची कामे. पहिला इंग्रज प्रतिनिधी ग्रँट डफ याने मराठ्यांच्या इतिहासाची साधने येथेच गोळा केली. १८२४ मध्ये जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला. पुढे राजांनी तिकडे रस्ता केला आणि १८२९ मध्ये वाईजवळच्या खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरचा परिसर कंपनीला दिला. डोंगराला रस्ता करणे हा साताऱ्याच्या राज्यकर्त्यांचा असा जुना उद्योग आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन वर्षानुवर्षे झगडले. १८४८ मध्ये प्रतापसिंहांच्या जागी आलेले त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. या धोरणाचा पहिला मोठा बळी साताराच होय. १८५७ च्या सप्टेंबरात उठावाच्या कटावरून गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. कोणी फासावर गेले, कोणाला तोफेच्या तोंडी दिले, तर कोणाला गोळ्या घातल्या.

विसाव्या शतकात येथील राजधानीपण शाळांनी सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव येथील सरकारी शाळेत नोंदले गेले. आज ती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यास आली. देशातील पहिले सैनिक स्कूल जून १९६१ मध्ये येथेच सुरू झाले. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार चालले, ते तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात. दक्षिणेचे तालुके १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळे झाले आणि १९६० पासून तो भाग सांगली जिल्हा म्हणून ओळखला जातो. लष्करात जाण्याची परंपरा दोन्ही जिल्ह्यांत आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला तो त्यामुळे. भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसणे हे या भागात नेहमीचे. शहरी माणूस हौसेने धावू लागला ते बरेच नंतर.

मोठे सोहळे अंगावर घेण्याची सवयही या गावाला जुनी आहे. मराठी साहित्य संमेलन येथे १९०५, १९६२ आणि १९९३ साली भरले. नव्याण्णवावे संमेलनही जानेवारी २०२६ साठी साताऱ्याकडेच आले. त्याच्या अध्यक्षपदी कादंबरीकार विश्वास पाटील यांची निवड झाली. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा छत्रपती शाहू क्रीडासंकुलात झाली आणि कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील याने गदा पटकावली. अशा वेळी गाव घरच्या कार्यासारखे राबते. मात्र हे सोहळे आज येथे तर उद्या आणखी कोठे असे फिरते असतात. हिल मॅरेथॉन तशी हलवता येत नाही, कारण तिचे मैदान म्हणजे यवतेश्वरचा घाट.

शहरातील डॉक्टर व इतर व्यावसायिक मंडळींच्या पुढाकाराने सातारा रनर्स फाउंडेशन ही संस्था उभी राहिली आणि २०१२ मध्ये पहिली सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली. अंतर नेहमीच्या अर्धमॅरेथॉनइतकेच, २१ किमी.हून किंचित जास्त. स्पर्धक शहरातून निघतात, पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर असे वर चढत घाटाला भिडतात, यवतेश्वरच्या पुढे कास रस्त्यावर वळसा घेतात आणि त्याच वाटेने खाली येतात. म्हणजे पूर्वार्ध जवळजवळ सगळा चढाचा आणि उत्तरार्ध उताराचा. रस्ता डांबरी आहे, दगडधोंड्यांची पायवाट नाही. त्यामुळे डोंगरी शर्यतीचा अनुभव नसलेला धावपटूही धाडस करू शकतो, आणि स्पर्धेच्या लोकप्रियतेचे खरे रहस्य हेच असावे.

वाट डांबरी असली, तरी सोपी नाही. सपाट रस्त्यावरचा वेग घाटात टिकत नाही. पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत बाजारपेठेतल्या टाळ्यांनी चेव येऊन जो सुसाट सुटतो, तो घाटाच्या मध्यावर चालताना दिसतो. जाणकार चढावर पावले आखूड टाकतात, घड्याळाऐवजी श्वासाकडे लक्ष देतात. खरी परीक्षा उतारावर होते, हे मात्र पहिल्यांदा येणाऱ्याला कोणी कितीही सांगितले तरी पटत नाही. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर येतो. चढताना वाचवलेली ताकद उतरताना उधळली की शेवटच्या टप्प्यात, राजवाड्याच्या खालच्या सोप्या रस्त्यावर पोटऱ्यांत गोळे येतात. त्यात सप्टेंबर म्हणजे पावसाळ्याची अखेर. खाली ऊन असले, तर वर धुके आणि भुरभुर असू शकते. रस्ता ओला, कडेला कातळावरून ओघळणारे पाणी, दरीच्या बाजूला काहीच दिसत नाही. घाटात दरडी कोसळण्याचे प्रसंग पावसाळ्यात येतातच, म्हणून स्पर्धेआधी रस्त्याची पाहणी ही औपचारिक बाब नसते.

२०१५ च्या स्पर्धेने साताऱ्याचे नाव गिनीज बुकात नेले. एकाच डोंगरावरील शर्यतीत सर्वाधिक धावपटू, असा तो विक्रम. संख्या होती २,६१८. पुढील वर्षांत सहभाग कित्येक हजारांवर गेला. परदेशी धावपटूही येऊ लागले. नावनोंदणी सुरू झाल्यावर जागा लवकर संपतात. महाराष्ट्रातील धावपटूंच्या वार्षिक वेळापत्रकात या स्पर्धेला एक ठरलेले स्थान आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची आणि मुंबईची २००४ पासूनची. मुंबईची जानेवारीत होते. त्या हिवाळी हंगामाची तयारी सप्टेंबरात साताऱ्यापासून सुरू करण्याचा प्रघात पडला आहे. जो यवतेश्वर चढला त्याला मुंबईच्या मार्गावरील पेडर रोडच्या चढाची भीती राहत नाही, असे मुंबईकर धावपटू सांगतात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गावात जागा मिळत नाही. लॉज भरलेले असतात, उपाहारगृहांत रांगा लागतात आणि पेढ्यांच्या दुकानांत रविवारी दुपारी आणखी मोठ्या. पहाटे रस्ते वाहनांसाठी बंद होतात. वरच्या रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे राहतात. शाळांची बँडपथके, लेझीम, ढोल-ताशा, कोणी दारातच पाण्याचे पेले घेऊन उभे. विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून येतात. पाणी, केळी, मीठ-साखरेची पाकिटे यांची टेबले घाटात जागोजागी मांडलेली असतात. डॉक्टरांचा पुढाकार असल्याने वैद्यकीय मदतीची आखणी चोख असते, हा येणाऱ्यांचा सर्वसाधारण अभिप्राय. मोठ्या शहरांतील स्पर्धांत रस्ते बंद झाले म्हणून नागरिक वैतागलेले दिसतात. येथे बहुतेक घरांतून कोणी ना कोणी धावत असतो किंवा कामाला उभा असतो, त्यामुळे तक्रारीला जागा कमी उरते.

डोंगरातल्या छोट्या गावाने जगाला खेळासाठी बोलवावे, ही कल्पना युरोपात शंभर वर्षे जुनी आहे. पहिले हिवाळी ऑलिंपिक १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी या खेड्यावजा गावात झाले. अमेरिकेतील लेक प्लॅसिडने १९३२ आणि १९८० असे दोनदा, तर नॉर्वेतील लिलेहामरने १९९४ मध्ये यजमानपद भूषवले. लेक प्लॅसिडची वस्ती काही हजारांची, लिलेहामरची साताऱ्याच्या पाव हिश्श्याएवढी. इटलीतील कोर्तिना दाम्पेत्सो हे गाव तर सहा हजार वस्तीचेही नाही, पण १९५६ नंतर २०२६ मध्ये ते मिलानबरोबर पुन्हा यजमान झाले. भारतात औलीने २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळ घेतले आणि गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होतात. तेथे सरकार, सैन्यदले आणि बर्फ हे तिघेही हाताशी असतात.

या गावांशी साताऱ्याची बरोबरी करण्यात अर्थ नाही. ऑलिंपिकची व्याप्ती आणि एका रविवारच्या सकाळची शर्यत यांत मोजमापाचाही फरक आहे. एक गोष्ट मात्र तोलून पाहण्याजोगी आहे. कोर्तिनाला २०२६ साठी घसरगाडीचा नवा मार्ग बांधताना शेकडो लार्च वृक्ष तोडावे लागले, खर्च दहा कोटी युरोंच्या पुढे गेला आणि खेळ संपल्यावर तो मार्ग कोण वापरणार, हा वाद बांधकामाआधीच सुरू झाला. साताऱ्याच्या स्पर्धेसाठी वीटही रचावी लागली नाही. रस्ता होता, डोंगर होता, गाव होते. सोमवारी सकाळी त्याच रस्त्याने पेट्री, कास, बामणोलीकडची एस. टी. आणि दुधाच्या गाड्या नेहमीसारख्या धावतात. आंतरराष्ट्रीय डोंगरी धावस्पर्धांची वाटचालही याच बाजूने आहे. या खेळाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे, २०२३ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक परिसरात आणि २०२५ मध्ये स्पेनमधील कानफ्रांक येथे झाल्या. त्यांचे मार्ग बहुतांशी पायवाटांचे असतात, साताऱ्याचा डांबरी. म्हणून तांत्रिकदृष्ट्या साताऱ्याची स्पर्धा त्या जातकुळीची नाही. अजिंक्यपदाची हौस असेल, तर आयोजकांना मार्ग बदलावा लागेल, आणि तसे झाले तर आजचे हजारो हौशी धावपटू बाहेर पडतील. हा व्यवहार साताऱ्याने करू नये.

स्पर्धेचा थाट आणि जिल्ह्याची क्रीडापरंपरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्ह्याने घडवलेले मोठे खेळाडू सोयीसुविधांतून आलेले नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६–८४) यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथे जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी गोळा करावी लागली होती, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावच्या ललिता बाबर हिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिला क्रमांक मिळवला आणि नंतर ती ३,००० मी. स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मि. १९.७६ से. असा राष्ट्रीय विक्रम करून तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. पी. टी. उषा हिच्या १९८४ मधील शर्यतीनंतर ट्रॅकवरील वैयक्तिक प्रकाराच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला होती. फलटण तालुक्यातील सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव टोकिओ ऑलिंपिकला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीची जागतिक विजेती झाली. तिचा सराव साताऱ्यात उसाच्या शेताचे मैदान केलेल्या जागेवर चाले. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील करगणीचा सचिन खिलारी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये (२०२४) गोळाफेकीत रौप्यपदकाचा मानकरी ठरला. हिल मॅरेथॉनने शहरी मध्यमवर्गाला धावायला लावले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. माण-खटावच्या पोरींसाठी तिने अजून काही उभे केले, असे म्हणता येत नाही.

स्पर्धेचा मार्ग ज्या पठाराच्या दिशेने जातो ते कासचे पठार शहरापासून सुमारे २५ किमी.वर आहे. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. योगायोग असा, की स्पर्धा आणि हा दर्जा एकाच वर्षीचे. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळ थर आणि त्यात पावसाळ्यात उमलणाऱ्या सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती येथे नोंदल्या आहेत. फुलांचा मुख्य हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे नेमका स्पर्धेच्या आगेमागे. कारवीला सात वर्षांनी एकदा बहर येतो. गर्दी आवरण्यासाठी रोजची प्रवेशसंख्या, शुल्क आणि आगाऊ नोंदणी हे उपाय आले. कुंपण घातले गेले, त्यावरून वादही झाले. पठारावर जितके नियंत्रण आहे तितके त्याच्या रस्त्यावर नाही. यवतेश्वरपासून पुढे रस्त्यालगत हॉटेले आणि रिसॉर्टे गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली आणि त्यांतल्या बांधकामांच्या परवानग्यांचे वाद वारंवार उद्भवतात. धावपटू सकाळी येऊन परततो. त्याने पाहिलेले धुके पुढच्या वेळी कुटुंबाला दाखवण्यासाठी तो मोटार घेऊन येतो, तेव्हा घाटावर खरा ताण पडतो.

पोवई नाक्यावरची कोंडी सोडवण्यासाठी बांधलेला भुयारी मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. घाटरस्त्यासाठी तसा काही विचार झालेला नाही. शहरातील शेकडो माणसे वर्षभर रोज पहाटे यवतेश्वर चढतात. त्यांत साठी ओलांडलेले निवृत्त लोक आहेत, भरतीची मुले आहेत, साड्यांवर बूट घातलेल्या बायका आहेत. शनिवार-रविवारी त्यांना पर्यटकांच्या गाड्या चुकवत चालावे लागते, कारण रस्त्याला पदपथ नाही आणि दरीकडच्या कडेला थांबायला जागा नाही.

साताऱ्याचे रेल्वेस्थानक पुणे–मिरज मार्गावर, गावापासून काही किमी. पूर्वेला माहुलीच्या बाजूस आहे. मध्यवर्ती बसस्थानक मात्र पोवई नाक्यापासून जवळ. पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग (क्र. ४८) शहराला खेटून जातो. स्पर्धेला येणाऱ्यांनी मुक्कामाची जागा नावनोंदणीबरोबरच ठरवावी, आदल्या दिवशी घाट एकदा वाहनाने पाहून घ्यावा आणि उतरताना घाई करू नये. जाताना संगम माहुलीला वाट वाकडी करावी. शाहू महाराज व ताराबाई यांच्या समाध्या तेथे आहेत आणि रामशास्त्री प्रभुणे यांचे गावही तेच. अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळापर्यंत पायी चढणे हाही एक चांगला सराव आहे. नगरपालिका आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने स्पर्धेच्या दिवशीचे नियोजन वर्षभराला लावून निदान पहाटे दोन तास घाटाची एक बाजू चालणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. त्याला बांधकाम लागत नाही, आदेश पुरेसा आहे.